परदेशी खोलीतला गांजा आणि आपल्या बांधावरची निंबोळी

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला राहत्या घरी गांजाची तीन झाडे लावायची मुभा मिळाली. घरात सुका माल ५० ग्रॅमपर्यंत, रस्त्याने जाताना खिशात २५ ग्रॅमपर्यंत. विकायचा मात्र नाही, आणि पोराबाळांच्या हाती लागता कामा नये. १ जुलै २०२४ पासून पाचशे सभासदांपर्यंतच्या मंडळांनाही सभासदांपुरती लागवड करायला परवानगी आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडे मान्य केली. उरुग्वेने त्याच्याही आधी, २०१३ साली, सहा झाडांचा कायदा केला. दक्षिण आफ्रिकेत २०१८ साली तिथल्या घटनापीठानेच खाजगी जागेत स्वतःपुरती लागवड गुन्हा नाही असे सांगितले. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियात सहा झाडे चालतात, वॉशिंग्टन राज्यात दुकानातून विकत घेता येते पण मौजेसाठी घरी लावता येत नाही, आणि केंद्राचा कायदा या सगळ्यांच्या डोक्यावर आहेच.

आपल्याकडे ही बातमी मोबाईलवरून पोचते ती अर्धीच. 'परदेशात गांजा खुला झाला, आता आपल्याकडेही होणार,' असे पारावर बिनधास्त बोलले जाते. कुणी म्हणतो, कांद्याला भाव नाही, कापसाचे हे असे, मग हेच का नको? शहरातली काही शिकलेली पोरे त्याही पुढे गेली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तंबू ठोकायचा, दिवे लावायचे, आणि परदेशी चित्रफिती बघून कुंडीत झाड वाढवायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात अशा एका फ्लॅटवर छापा पडला. तेव्हा या प्रकरणात खरे काय, आपल्या कामाचे काय आणि गळ्याशी येणारे काय, हे वेगळे करून बघितले पाहिजे.

आधी माती बघू, कारण शेतकऱ्याला त्यातच जास्त गम्य.

तिकडचा नवशिका माणूस बहुधा शेतकरी नसतो. कुणी कारकून, कुणी गवंडी, कुणी निवृत्त. जन्मात कधी वाफा बांधलेला नाही. पहिल्यांदा तो बाटलीतली पातळ रासायनिक खते आणतो, रोज मोजून पाणी देतो, पाण्याचा सामू तपासतो, आणि पाने पिवळी पडली की घाबरतो. मग त्याला कोणी तरी 'जिवंत माती'चा मार्ग सांगतो. म्हणजे असे की झाडाला खाऊ घालायचे नाही, मातीला घालायचे. मातीतले जिवाणू, बुरशी, गांडुळे झाडाचे बघून घेतील, माणसाने फक्त पाणी द्यायचे. ऐकून आपल्याकडचे म्हातारे हसतील. पण तिकडे हे शास्त्र म्हणून शिकवले जाते, आणि ते शास्त्र आहेही.

त्यांचे मिश्रण साधारण असे असते. एक भाग पीट, म्हणजे थंड देशातल्या दलदलीत कुजलेले शेवाळ. एक भाग उत्तम कंपोस्ट किंवा गांडूळ खत. एक भाग हवा खेळती ठेवणारा पदार्थ, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड किंवा भाताचे तूस. यात मूठमूठ भर घालायची ती समुद्री शेवाळाची भुकटी, खेकडा-कोळंबीच्या कवचाचा चुरा, शिंपल्यांची किंवा जिप्समची पूड, बसाल्ट दगडाची पूड, आणि शेवटी निंबोळी पेंड व करंज पेंड. होय, करंज पेंड! अमेरिकेतल्या बागायती दुकानात ही पेंड 'करंज' याच नावाने पिशवीत विकली जाते. आपल्या ओढ्याकाठचा करंज, ज्याच्या शेंगा आपण जळणात घालतो.

बसाल्टचीही तीच गोष्ट. तो तिकडे पिशवीतून किलोच्या भावाने विकत घेतात. आपले सगळे दख्खनचे पठार बसाल्टचे आहे. आपली काळी माती त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे. खडी क्रशरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना ही पूड फुकट मिळते, आणि नको तितकी मिळते. उभ्या पिकावर बसलेली ती धूळ काही खत नव्हे, तो वेगळा तंट्याचा विषय आहे.

मिश्रण ओलसर ठेवून काही आठवडे मुरवतात, मगच झाड लावतात. वर काडाचे आच्छादन. त्यात गवती लसूणघासासारखे बारके द्विदल पेरतात. गांडुळे सोडतात. पीक निघाल्यावर मूळ उपटत नाहीत, तिथेच कुजू देतात आणि त्याच मातीत पुन्हा लावतात. कुंडी जितकी मोठी तितके बरे, कारण चिमूटभर मातीत जिवाणूंचा संसार टिकत नाही.

नवशिका चुकतो कुठे? पहिली चूक पाण्याची. माया म्हणून रोज ओततो. माती चिखल होते, हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि वर चिलटे उठतात. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, वाफसा. तो त्याला माहीत नाही. दुसरी चूक घाईची. पेंड, कवचाचा चुरा वगैरे घालून लगेच रोप लावतो. मिश्रण तापते, अमोनिया सुटतो, रोप करपते. आपणही कच्चे शेणखत उन्हाळ्यात शेतात पसरतो, सोबत हुमणीची अंडी-अळ्या नेऊन टाकतो आणि श्रावणात ऊस पिवळा पडला की औषधाच्या दुकानात जातो. चूक एकच आहे, फक्त देश वेगळे. तिसरी चूक, दहा प्रकारच्या पुड्या एकदम घालणे. दुकानदार सांगतो म्हणून घालतो. यावर जास्त बोलायला नको, आपल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळ्या बघितल्या तरी पुरे.

आता ही 'जिवंत माती' त्यांनी शोधली का? तर नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला. १९२४ ते १९३१ तो इंदूरला होता, कापसाच्या संशोधनासाठी. तिथे त्याने काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, उलथून-पालथून कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. त्यावरचे १९३१ चे पुस्तक त्याने एकट्याने नाही लिहिले. यशवंत वाड हे त्याचे सहलेखक होते. पुढे पाश्चात्त्य सेंद्रिय शेतीची जी चळवळ उभी राहिली ती पुष्कळशी हॉवर्डच्या लिखाणावर. आज बर्लिनमधला एखादा नवशिका कुंडीत जे करतो त्याचे मूळ असे माळव्याच्या कापूसपट्ट्यात सापडते. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल याचा हिशेब मांडला आणि पालापाचोळ्यापासून केलेल्या मातीत गच्चीवर भाजी पिकवायला लोकांना शिकवले. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे जीवामृत तर गावोगावी माहीत आहे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पाळेकरांची सगळीच मते पटली पाहिजेत असे नाही, कृषी विद्यापीठांतही त्यावर वाद आहेत. पण मातीत जीव असतो हे सांगायला परदेशातून कोणी यायची गरज नव्हती, एवढे तरी खरे.

मग तिकडचा शौकीन जे कुंडीभर करतो ते आपल्या एकरात का होत नाही? कारण उघड आहे. त्याला एका कुंडीला दोन मुठी पेंड लागते, आपल्याला एकरी पोत्यांनी लागते. त्याच्या कुंडीत अर्धेअधिक सेंद्रिय पदार्थ असतो. आपल्याकडे माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या वर गेला तर माणूस खूष होतो. जनावरे कमी झाली, शेण कमी झाले, पाचट पेटवले जाते, आणि उरलेसुरले शेण गोवऱ्यांत जाते. मृद् आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जात आहेत. किती जणांनी ती वाचून खताची मात्रा बदलली, हे ज्याचे त्याने मनात म्हणावे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २,४८१ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून शिबिरे होतील, फलक लागतील. गावात शेण कुठून येणार, हा प्रश्न तसाच उभा राहतो.

निंबोळीचे अर्थकारण बघा. निंबोळी आणि करंज या दोन्ही पेंडी नत्राचे जमिनीतले रूपांतर सावकाश करतात, त्यामुळे नत्र वाया कमी जाते. म्हणून तर सरकारने २०१५ साली देशात तयार होणारा सगळा युरिया नीम-लेपित करायला लावला. कडुनिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाचे पेटंट एका अमेरिकन कंपनीने आणि तिथल्या कृषी खात्याने युरोपात घेतले होते. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. म्हणजे वस्तू आपली, लढाई जिंकलेलीही आपण. आणि आषाढात पिकून पडलेली निंबोळी बांधावर कुजते, किंवा शाळकरी पोरे गोळा करून पायलीच्या हिशेबाने फिरत्या व्यापाऱ्याला देतात. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात टाकली की पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे, आणि आपण बाटलीबंद निंबोळी तेल विकत आणतो. बचत गटाने निंबोळी वाळवून, साफ करून तेलघाण्याला एकत्र दिली आणि पेंड परत घेतली तर गावातच काही पैसा फिरेल. परदेशी गांजाच्या गोष्टीतून आपल्या शेतकऱ्याने घ्यायचे असेल तर ते इथे आहे, त्या झाडात नाही.

त्या झाडात का नाही, ते आता. इथे सरपंच, पोलीस पाटील, तलाठी या मंडळींनी जरा नीट वाचावे.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे गांजाचे कोणतेही झाड लावायला मनाई आहे. कुंडीत लावा, शेतात लावा, सेंद्रिय लावा की रासायनिक लावा. कलम २० प्रमाणे लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'एकच झाड आहे, घरच्यापुरते आहे' अशी सवलत या कायद्यात लागवडीला नाही. केंद्राच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बी त्यात येत नाहीत, म्हणून उत्तरेत भांगेची दुकाने असतात. पण त्यावरून कोणी हुशारी करू नये, कारण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन आहे.

कलम ४६ जमीनधारकाचे. आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचे माहीत असूनही जो कळवत नाही तो शिक्षेस पात्र होतो. पुण्या-मुंबईला राहून जमीन खंडाने किंवा बटईने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सातबारा तुमच्या नावाचा असतो, छापा पडल्यावर पहिले नाव तुमचेच निघते, आणि 'मला माहीत नव्हते' हे सांगत फिरण्यात दोन-तीन वर्षे सहज जातात. कलम ४७ तर नाव घेऊनच सांगते की पंच, सरपंच आणि कोणत्याही प्रकारचा ग्रामअधिकारी यांनी अशी लागवड कळताच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला ताबडतोब कळवले पाहिजे. हयगय केली तर तेही शिक्षेस पात्र. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले, जबाबदारी तीच राहिली. पीक पाहणी मोबाईलवर आली म्हणून बांधावर जायचे सुटत नाही. तुरीच्या, हळदीच्या, कापसाच्या किंवा उसाच्या मध्ये चार सऱ्या वेगळे काही उभे असेल तर ते फोटोत येईलच असे नाही. गावकीत वैर नको म्हणून गप्प बसणारे सरपंच असतात. त्यांची अडचण समजते, पण कायदा ती समजून घेत नाही. लेखी कळवावे, गट नंबर घालावा आणि पोच घ्यावी.

यात अडकतो कोण, तेही बघा. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, वनजमिनीवरच्या लागवडीवर वरचेवर छापे पडतात. सापडतो तो राखण करणारा, नांगरणारा, रोजंदारीचा मजूर. बी देणारा आणि माल उचलणारा क्वचितच जागेवर असतो. जप्ती वीस किलोच्या वर गेली की ती व्यापारी मात्रा ठरते आणि कलम ३७ मुळे जामीन फार अवघड होतो. इथेच एक गोष्ट पंचांनी जाणून घ्यावी. ओली झाडे मुळे, माती, खोड, पाने यांसकट तोलली तर वजन कुठच्या कुठे जाते. व्याख्या मात्र फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. हा मुद्दा उच्च न्यायालयांसमोर वारंवार आलेला आहे. पंचनाम्यावर सही करणाऱ्याने काय तोलले, ओले की सुके, कशासकट, हे डोळ्यांनी बघून लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही करणारा पंच आरोपीचेही नुकसान करतो आणि पोलिसांच्या खटल्याचेही.

पूर्वी आपल्याकडे हे पीक सरकारच्या परवानगीने होत होते, हे खरे आहे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने या विषयावर मोठा आयोग नेमला होता. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या लागवडीचा मोठा वाटा नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होता. मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालात नौगाव ही ठिकाणे प्रसिद्ध होती. नौगावला नर झाडे ओळखून उपटायला खास जाणकार बोलवत. त्याला पोद्दार म्हणत आणि इंग्रज गमतीने 'गांजा डॉक्टर' म्हणत. नर राहिला तर फुलोऱ्यात बी धरते आणि माल उतरतो. संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाना ठेवा, असाच त्या आयोगाचा कल होता. म्हणून आज परवानगी मागणारे लोक त्या अहवालाचा दाखला देतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकर गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच शेतमालाला भाव नाही, हे त्याचे कारण. पोलिसांनी ती प्रसिद्धीची युक्ती ठरवली. युक्ती असेलही. त्या अर्जातले भावाचे वाक्य मात्र खोटे नव्हते.

पण समजा उद्या परवानगी मिळाली, तर भाव मिळेल का? कॅनडाचा अनुभव बघा. कायदा आला, कंपन्यांनी शेकडो एकरांची काचघरे उभी केली, माल मागणीपेक्षा जास्त झाला, भाव कोसळले, आणि न खपलेला माल टनावारी नष्ट करावा लागला. थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली, हजारो दुकाने निघाली, शेतकऱ्यांनी कर्ज काढून लावले. जून २०२५ मध्ये सरकारने वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. मधल्या काळात तिथला माल विमानाने मुंबईत उतरू लागला आणि बँकॉकहून येणाऱ्यांच्या बॅगांतून सीमाशुल्क खाते तो पकडते आहे. कांद्याचे राजकारण ज्याने भोगले त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय घरोघरी तीन-चार झाडे लावायची मुभा असेल तर गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार कशाला?

भांगेच्या नशा नसलेल्या जातीची गोष्ट थोडी निराळी आहे. धागा आणि बी यासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडाने २०१८ साली ती प्रथम वापरली. नशेचे द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे, ही अट. हिमाचल मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या दोन विद्यापीठांकडून प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. या बियांना अन्न म्हणून देशात २०२१ साली मान्यता मिळाली आहे. अडचण बियाण्याची आहे. शेजारच्या रानटी झाडाचे पराग आले की पुढच्या वर्षीच्या बियाण्याची टक्केवारी सरकते, मर्यादा ओलांडली की उभे पीक नष्ट करावे लागते. कोणी एजंट गावात येऊन 'हेम्पचे बी घ्या, करार करतो, सरकारची परवानगी आहे' म्हणाला तर आधी राज्य शासनाचा लेखी परवाना मागावा. आणि हेम्प म्हणजे आपली अंबाडी नव्हे, ताग नव्हे. इंग्रजी नावात तागाला 'सन हेम्प' म्हणतात, त्यावरून घोटाळे होतात. ताग हिरवळीच्या खतासाठी खुशाल पेरा, फुलोऱ्यात आला की गाडा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट त्या परदेशी शौकिनांबद्दलही सांगायला हवी. माती जिवंत, खत सेंद्रिय, आणि वर सूर्याऐवजी विजेचे दिवे, पंखे, हवा थंड करायची यंत्रे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हिशेब काढला. बंदिस्त जागेत एक किलो सुका गांजा पिकवायला, ठिकाणाप्रमाणे, सव्वादोन ते पाच टनांहून अधिक कर्बवायूइतका भार हवेत जातो. जी दलदल खणून पीट काढतात तिथला साठलेला कर्बही सुटतो, म्हणून तिकडचे काही जण आता पीटऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरू लागले आहेत. तो भारतातून आणि श्रीलंकेतून जातो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या काथ्या उद्योगाने या बाजाराकडे लक्ष द्यायला हरकत नाही. गिऱ्हाईक त्यात काय लावतो हे त्याच्या देशाचा कायदा बघेल. भुसा मात्र गोड्या पाण्याने नीट धुतलेला हवा. क्षार राहिले तर माल परत येतो.